कमी बिलाची तक्रार

भूगोलाच्या सरांनी वीज वाचवायचं मनावर घेतलं, त्याला कारण सहामाही परीक्षेतलं एक उत्तर. प्रश्न दरवर्षीचाच होता. पुनर्नवीकरणीय आणि अपुनर्नवीकरणीय साधनसंपत्तीची उदाहरणं द्या व ती जपण्याचे उपाय सांगा. हे दोन शब्द म्हणताना निम्म्या वर्गाची बोबडी वळते आणि उरलेला निम्मा वर्ग ते म्हणायच्या भानगडीतच पडत नाही. पण सरांचं या धड्यावर फार प्रेम. ऊन, वारा, वाहतं पाणी पुन्हा पुन्हा मिळतं. कोळसा आणि तेल मात्र एकदा जाळलं की गेलं, ते तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, हे सांगताना त्यांचा आवाज असा जड व्हायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं तो कोळसा यांच्याच घरातून चोरीला गेलाय.

तर एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं : 'एकदा संपल्यावर परत न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे दगडी कोळसा, खनिज तेल व सरांचे केस.'

सरांनी लाल पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. उत्तर व्याख्येत चपखल बसत होतं, हीच तर पंचाईत होती. शेवटी त्यांनी अर्धा गुण कापला, तोही हस्ताक्षरासाठी. केसांचं त्यांनी सोसलंही असतं. माणूस एकदा शिक्षक झाला की डोक्यावरून वर्गात काय काय बोललं जातं याची त्याला सवय होते. खरा घाव पुढच्या ओळीत होता. 'उपाय' या मथळ्याखाली त्याच पोराने लिहिलं होतं, 'दिवे व पंखे विनाकारण चालू ठेवू नयेत असे सर सांगतात. सर स्वतः काय करतात ते पुस्तकात दिलेले नाही.'

त्या संध्याकाळी सर घरी आले आणि दारातच थबकले. बोळातला दिवा कोणासाठीही जळत नव्हता, नुसताच जळत होता. बैठकीच्या खोलीतला पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालत होता. आई टीव्ही बघत होती, मुलगी टीव्हीकडे पाठ करून फोन बघत होती, आणि स्वयंपाकघरात फ्रिज एकटाच गुरगुरत होता. सर पुढे झाले आणि त्यांनी बोळातला दिवा बंद केला. दुसऱ्याच क्षणी हातात भाजीची परडी घेऊन आलेली त्यांची बायको चपलांच्या मांडणीवर आदळली. या मोहिमेतली ती पहिली जखमी.

त्या रविवारी सरांनी घरच्यांची सभा भरवली. सभा म्हणजे काय, आई, बायको आणि अकरावीतली मुलगी. तिला सगळे चिऊ म्हणायचे. जुन्या नकाशाच्या मागच्या बाजूला सरांनी घरातल्या प्रत्येक उपकरणाचं चित्र काढलं होतं आणि त्यापुढे ते रोज किती कोळसा 'खातं' ते लिहिलं होतं. इस्त्रीचं चित्र मगरीसारखं झालं होतं, पण हसायची कोणाची हिंमत नव्हती. सर तासभर बोलले. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला करायचं ते करा. फक्त फ्रिजला हात लावायचा नाही."

सरांनी फ्रिजला हात लावला नाही. त्यांनी प्लग काढला.

फ्रिजच्या जागी आलं एक मोठं मातीचं मडकं. त्यात दुधाची बाटली, भोवती ओलं फडकं, आणि मडकं खिडकीच्या वाऱ्यात. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातं, त्यामुळे आतली वस्तू गार होते, हे त्यांनी घरच्यांना दोनदा समजावलं. पहिल्या दोन दिवसांत दूध नासलं आणि जिन्यातली मांजर चांगली बाळसं धरायला लागली. पण तिसऱ्या दिवसापासून काय जादू झाली कोणास ठाऊक, बाटली छान गार लागायला लागली. सर जेवण झाल्यावर पेलाभर गार दूध प्यायचे आणि विज्ञानाच्या नावाने तृप्तीचा सुस्कारा सोडायचे.

इस्त्रीचा निकाल त्यांनी असाच लावला. पाणी शिंपडून शर्टाची नीट घडी घालायची आणि ती गादीखाली ठेवून द्यायची. आपल्या झोपेत शरीराचं वजन फुकट जातं ते कामी येतं. पहिल्या दिवशी तो शर्ट अंगावर चढवून ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग आंघोळ राहिली आहे हे आठवून त्यांनी तो काढून ठेवला, आणि आंघोळ करून आल्यावर पाहतात तर घडी आणखीच कडक. गादीचा परिणाम मागाहूनही होत राहतो, असा एक नवाच सिद्धान्त त्यांनी शाळेत व्यायामाच्या शिक्षकांना ऐकवला. व्यायामाच्या शिक्षकांनी बाहीवरून बोट फिरवून बघितलं आणि मान्य केलं.

आंघोळीच्या पाण्याचं मात्र जरा नाजूक प्रकरण झालं. सरांनी एक पिंप काळ्या रंगाने रंगवून गच्चीवर ठेवलं, नळी खाली न्हाणीघरापर्यंत आणली आणि हीटरचं बटण चिकटपट्टी लावून कायमचं मिटवलं. काळा रंग ऊन शोषतो. दुपारी दोनच्या सुमाराला त्या पिंपातून असं पाणी यायचं की अंग भाजून निघावं. अडचण एवढीच, की दुपारी दोनला सर शाळेत असायचे. सकाळी सहाला त्यांना आंघोळ हवी तेव्हा पिंप रात्रभर थंडी खाऊन बसलेलं. तरी सर डगमगले नाहीत. पिंपाला जुन्या गोधड्या गुंडाळल्या, त्यावर लाकडी खोकं बसवलं, आणि एका सकाळी खरोखर कोमट पाणी आलं. आत बादलीवर आपटलेल्या तांब्याचा आवाज आणि सरांचं गाणं ऐकून आई म्हणाली, सुधारलं म्हणायचं. चार दिवस आकाश ढगाळ राहिलं तेव्हा गाणं बंद पडलं, पण पिंप राहिलं.

सगळ्यात अवघड होता तो आईचा टीव्ही. दोन बहिणींच्या इस्टेटीच्या भांडणाची एक मालिका आई कित्येक वर्षं बघत होती. भांडण पुढे सरकत नव्हतं आणि आईही तिथून हलत नव्हती. तिला कसं सांगायचं याची सरांनी शाळेत जाता-येता तालीम केली. प्रत्यक्षात त्यांनी निम्मं वाक्य बोलल्यावरच आई म्हणाली, "कर ना बंद. मी कुठे काय म्हणते?" आणि चष्मा डबीत ठेवून उठून गेली.

आईने एवढ्या सहजासहजी आयुष्यात कधी काही सोडलं होतं का, हे सरांनी तेव्हाच आठवायला हवं होतं. पण विजयाच्या धुंदीत माणसाला मागचं आठवत नाही.

पुढे घराला एक वेगळंच वळण लागलं. गुडघ्यांची तक्रार करणारी आई रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जायला लागली. बायको, जी शेजारपाजारच्या गप्पांना वेळ नाही म्हणायची, ती कपड्यांचं बोचकं घेऊन शिवणाचे नमुने दाखवायला वरच्या मजल्यावर जाऊ लागली. चिऊला अभ्यासाचं वेड लागलं; ती दप्तर घेऊन मैत्रिणीकडे जायची आणि जेवायलाच परतायची. सर एका दिव्याखाली एकटे बसून वह्या तपासायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी जाहीर केलं की वीज कमी केली की आरोग्य, नातीगोती आणि विद्या या तिन्ही गोष्टी आपोआप वाढतात. यावर एखादा लेख लिहावा असंही त्यांच्या मनात होतं.

मग बिल आलं. ते इतकं कमी होतं की सरांनी आधी ते दुसऱ्या कोणाचं आहे का ते पाहिलं. नंतर ते घेऊन ते समोरच्या दारात गेले. तिथे राहणारे काका बँकेतून निवृत्त झालेले आणि इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी बिल दूर धरून वाचलं, जवळ धरून वाचलं आणि परत दिलं. त्यांचं स्वतःचं बिल या वेळी वाढलं होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या आनंदात सहभागी व्हायची त्यांची तयारी नव्हती.

आठवडा झाला आणि वीज कार्यालयाची नोटीस आली. आपला वापर पूर्वीच्या मानाने असाधारण कमी आढळल्याने मीटरमध्ये फेरफार झाल्याचा संशय आहे, सबब खुलासा करावा.

सर नोटीस हातात घेऊन खुर्चीत बसले. पंखा बंद होता तरी त्यांना घाम फुटला नाही, कारण अंगातलं रक्तच थिजलं होतं. वर्गातलं पोर घरी राहिलेली वही 'हरवली' म्हणालं तर ज्यांना रात्रभर वाईट वाटतं, असे हे सर. त्यांना कोणीतरी शाई वापरून, शिक्का मारून, चोर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते कार्यालयात गेले. एका खिडकीसमोर लांबलचक रांग होती. प्रत्येकाच्या हातात बिल आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गाऱ्हाणं, फार आलं. सरांची पाळी आली आणि त्यांनी आत वाकून सांगितलं की माझ्या बिलाचा प्रश्न ते कमी आल्याचा आहे. सगळी रांग वळून बघायला लागली. मागच्या गृहस्थाने हलक्या आवाजात त्यांचा पत्ता विचारला.

खिडकीतला कारकून म्हणाला, कमी बिलाची तक्रार आमच्याकडे होत नाही. सर म्हणाले, तक्रार माझी नाही, तुमचीच आहे. त्यावर कारकुनाने विचारलं, मग तुम्ही कशाला आलात? सरांनी नोटीस पुढे केली. त्यांना चौकशीच्या खिडकीकडे पाठवण्यात आलं. ती बंद होती. सर बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले, मग ती उघडली, आणि आत तोच कारकून बसलेला. "बोला," तो म्हणाला, सरांना जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखं. सरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

शेवटी त्यांना जादा बिलाच्या तक्रारीचा छापील कागद मिळाला. त्यातला 'जादा' हा शब्द खोडून वर 'कमी' लिहायचं होतं. खाली घरातल्या उपकरणांची माहिती मागितली होती. फ्रिज, बंद. टीव्ही, बंद. इस्त्री, बंद. पाणी तापवण्याचं साधन, सूर्य. कारकुनाने वाचून चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "घरात राहता ना?"

सोबत सरांनी खुलासा जोडला होता. तो कोळशाच्या निर्मितीपासून सुरू होत होता आणि बरीच पानं उलटल्यावर एकदाचा त्यांच्या घरापर्यंत पोचत होता. कारकुनाने तो हातावर तोलून पाहिला आणि एका ढिगाऱ्यावर ठेवून दिला.

दरम्यान नोटिशीची बातमी इमारतभर झाली होती. आणि इथेच सरांना जगाविषयीचं एक नवीन ज्ञान प्राप्त झालं. वीज वाचवतात म्हणून त्यांना आजवर कोणी काडीची किंमत दिली नव्हती. चोरतात म्हटल्याबरोबर त्यांचा भाव वधारला. वरच्या मजल्यावर एक बांधकामाचा ठेकेदार राहायचा. जिन्यात भेट झाली तर तो फक्त हनुवटी हलवायचा, तीही लहर लागली तर. तो आता फळांची टोपली घेऊन घरी आला. बसला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढून कुजबुजला, "माणूस कोण?"

"कोणता माणूस?" सर म्हणाले.

"ज्याने मीटरचं काम केलं तो."

सरांनी ताठ बसून सांगितलं की आपण कोणतीही चोरी केलेली नाही. ठेकेदाराने समजूतदारपणे मान हलवली. "अर्थातच नाही. मीही करणार नाही. फक्त नंबर देऊन ठेवा."

समोरच्या काकांचा सल्ला वेगळा होता. ते म्हणाले, कबूल करून टाका. पहिलीच वेळ आहे, शिक्षक आहात, ताकीद देऊन सोडतील. सरांनी किती परीने सांगितलं की कबूल करायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. काका म्हणाले, बँकेत सगळे सुरुवातीला असंच म्हणायचे.

ही गोष्ट शाळेतही पोचली. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि बराच वेळ हवापाण्याविषयी बोलून झाल्यावर सांगितलं की हे प्रकरण मिटेपर्यंत नीतिमूल्यांचा तास व्यायामाच्या शिक्षकांकडे द्यावा असं ठरतंय. सर मानेनेच हो म्हणाले. व्यायामाच्या शिक्षकांनी त्या तासाला मुलांना मैदानावर नेऊन सचोटीने पळायला लावलं. सर वरच्या खिडकीतून बघत होते. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूसही अशा वेळी आतून हलतो, आणि सर तर साध्या नळाचं पाणी प्यायलेले.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाला नुसतं तोंड लावलं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "आपण चोर नाही हे सिद्ध कसं करायचं असतं गं?" बायको काहीतरी बोलणार होती. तिने आईकडे पाहिलं, आईने मिठाच्या भांड्याकडे पाहिलं, आणि विषय तिथेच राहिला.

चार-पाच दिवसांनी तपासणीला माणसं आली. एक वायरमन आणि खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या तपासनीस बाई. बाई कमी बोलणाऱ्या आणि डोळ्यांनी जास्त ऐकणाऱ्या होत्या. मीटरचं सील तपासलं, तारा तपासल्या, वेगळं यंत्र लावून पाहिलं. इमारतीतली झाडून सगळी माणसं जिन्यात काही ना काही काम काढून उभी होती. बाई म्हणाल्या, मीटर चोख आहे.

सरांना वाटलं झालं, सुटलो. त्यांनी ते लेखी मागितलं. पण बाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"मीटर चोख आणि चार माणसांच्या घरात एवढाच वापर, याला कारण लिहावं लागेल मला."

"कारण संयम," सर म्हणाले.

"संयम आमच्या यादीत नाही. बंद घर, बिघाड आणि चोरी, एवढंच आहे." मग त्या म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी येऊन बसते. प्रत्यक्ष पाहिलं तर वेगळा शेरा मारता येईल."

दुसऱ्या दिवशी सरांनी घर असं लावलं जणू मुलगी दाखवायची आहे. मडक्याभोवतीचं फडकं धुतलेलं, नकाशावरचा तक्ता भिंतीवर, स्वतःच्या अंगात गादीचा सगळ्यात कडक शर्ट. दिवेलागणीला बाई आल्या. एक दिवा लावून सगळे त्याच्याभोवती बसले. सरांनी कोळशाला सुरुवात केली.

पण घरच्यांचं लक्ष नव्हतं. आई सारखी घड्याळाकडे बघत होती. जरा वेळाने ती गुडघे चोळत उठली, थोडी फिरून येते म्हणाली आणि गेली. मग बायको उठली. वरच्या वहिनींना नमुना द्यायचा राहिलाय, असं म्हणत तिने चादरीत गुंडाळलेलं बोचकं उचललं. चिऊ तर दप्तर लावूनच बसली होती. थोड्याच वेळात त्या दिव्याखाली सर आणि तपासनीस बाई असे दोघंच उरले. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट श्रोता एकच असला की विषय खोलात नेता येतो.

मध्येच त्यांनी मडक्यातली बाटली काढून बाईंना पेलाभर दूध दिलं. बाईंनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे या मडक्यात गार होतं?"

सरांनी बाष्पीभवन समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाटली दिव्यासमोर धरली. "बाटलीला बर्फ चिकटलाय," त्या म्हणाल्या.

सरांनी बोट लावून पाहिलं. बर्फच होता. आजवर त्यांनी वाचलेल्या एकाही पुस्तकात ओल्या फडक्याने बर्फ होत नव्हता.

"तुमच्या आई फिरायला गेल्या," बाई उठत म्हणाल्या, "तर जाताना चष्म्याची डबी घेऊन गेल्या. त्यांना लांबचं बघायचं असावं."

त्या दाराबाहेर पडल्या आणि सरांचे पाय त्यांच्यामागून गेले. समोर काकांचं दार अर्धवट उघडं होतं. आत टीव्हीवर दोन बहिणी एकमेकींना कोर्टात खेचण्याची धमकी देत होत्या आणि पुढ्यात सगळ्यात चांगल्या खुर्चीत आई बसली होती. तिच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी, खाली सतरंजीवर पलीकडच्या बिऱ्हाडातल्या दोघी निवृत्त नर्स बहिणी. आईने वळून पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर शाळा बुडवून सापडलेल्या मुलीचे भाव आले, पण तेवढ्यात मालिकेतली धाकटी बहीण रडायला लागली आणि आईने मान परत फिरवली.

काका उभे राहिले आणि बिल का वाढलं ते आपल्याला आत्ता कळलं असं म्हणाले. काकू त्यांना म्हणाल्या, तुम्ही नुसते बसा. मग सरांकडे बघून, काही लपवण्यात अर्थ नाही हे ओळखून, त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. बर्फाच्या खणाखालचा अख्खा कप्पा सरांच्या घरचा होता. दूध, लोणी, भाज्या, चिऊचं चॉकलेट, आणि उद्या मडक्यात जाणारी दुधाची बाटली.

गोंधळ ऐकून वरून ठेकेदार उतरला. त्याच्या मागून त्याची बायको आणि सरांची बायको. सरांच्या बायकोच्या हातात, घड्या घालून एकावर एक रचलेले, सरांचेच शर्ट होते. वाफ अजून निघत होती.

"सरांचे कपडे आमच्याकडेच होतात," ठेकेदाराची बायको अगदी सरळ मनाने म्हणाली. "वहिनींच्या हाताला छान घडी येते."

सर त्या शर्टांकडे बघत राहिले. चोर ठरल्याचं त्यांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. चोर नाही हे आता सगळ्यांसमोर शाबीत झालं होतं, पण त्याबरोबर बाकीचंही झालं होतं.

"कधीपासून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "तो शर्ट घालून आरशासमोर उभे होतात तुम्ही. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसत होता. पण तुम्ही इतके खूश होतात, इतक्या वर्षांत तुम्हाला असं पाहिलं नव्हतं. मग तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी वर जाऊन इस्त्री करून आणली. एकदा केल्यावर मग थांबवता येईना."

सरांनी सगळ्यात वरच्या शर्टाच्या घडीवरून बोट फिरवून पाहिलं. मैत्रिणीकडून परतलेली चिऊ दप्तर छातीशी धरून पायरीवर उभी होती. दप्तराच्या तोंडातून फोनची आणि केस वाळवायच्या यंत्राची वायर लोंबत होती. ती म्हणाली, "बाबा, पण अभ्यासही होतो." कोणी काही विचारलं नव्हतं तरी.

ठेकेदार मात्र फार निराश झाला होता. "म्हणजे खरंच कोणी माणूस नाही?" त्याने शेवटचं विचारून घेतलं आणि वर निघून गेला. जाताना त्याने हनुवटीसुद्धा हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस बाई पुन्हा आल्या. त्या सरांकडे आल्याच नाहीत. खालच्या मीटरच्या खोलीत बसून त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांचे आकडे उतरवून घेतले आणि मागच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मग वर येऊन त्यांनी काकांच्या दारात सगळ्यांना बोलावलं. सर एका कोपऱ्यात, सुरकुतलेल्या शर्टात उभे होते. इस्त्रीच्या शर्टांना आता ते हात लावत नव्हते.

बाई म्हणाल्या की काकांचं बिल वाढलंय, ठेकेदाराचंही थोडं वाढलंय. पण तळमजल्याच्या आजींचं निम्म्यावर आलंय आणि नर्स बहिणींचंही बरंच उतरलंय. सगळी इमारत धरली तर वापर चांगलाच खाली आलाय. सरांनी नुसती वीज इकडून तिकडे ढकलली असती तर असं झालं नसतं. गच्चीवरच्या पिंपामुळे हीटर बंद आहे, ती बचत खरी. पण एवढा फरक एका पिंपाने पडत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी आपापल्या घरात काय चालू असायचं ते त्यांनी एकेकीला विचारलं.

आजींनी सांगितलं की पूर्वी त्या टीव्ही, पंखा आणि दोन्ही खोल्यांतले दिवे लावून बसायच्या. मालिका बघायला नव्हे, घरात आवाज असावा म्हणून. नर्स बहिणींच्या घरी टीव्ही दोन, कारण दोघींचं आपसात पटत नव्हतं. सरांची आई काकूंकडे जायला लागली तशा या सगळ्या तिच्याभोवती जमल्या. तिला मालिकेचा सगळा इतिहास पाठ होता आणि मागचं चुकलेलं ती सांगायची. आता त्या दोन्ही घरांचे दिवे मालवलेले असायचे आणि एकाच घरात एक टीव्ही, एक पंखा, एक दिवा.

"म्हणजे वीज मी वाचवली?" आईने विचारलं.

"तुम्हीच वाचवली," बाई म्हणाल्या आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

कोपऱ्यातल्या माणसाने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा असा झाला की भाषेत त्याला शब्द नाही. भिंतीवरचा तक्ता, खुलाशाची ती सगळी पानं, मगरीची इस्त्री, आणि शेवटी श्रेय जातं मालिकेतल्या दोन बहिणींच्या भांडणाला.

नीतिमूल्यांचा तास सरांना परत मिळाला. व्यायामाच्या शिक्षकांनी तो आनंदाने सोडला. सचोटीने पळून मुलांचे पाय दुखायला लागले होते. घरी फ्रिजचा प्लग बायकोने लावला आणि सरांनी तो बघितलाच नाही असं दाखवलं. इस्त्री परत आली, पण एक ठरलं की आठवड्यातून एकदाच तापवायची आणि सगळं त्याच वेळी उरकायचं. हीटरवरची चिकटपट्टी कोणी काढली नाही. पिंपाच्या पाण्याची चटक बायकोलाही लागली होती. टीव्हीचं सरांनी स्वतःच काढलं. आईला म्हणाले, लाव तुझा टीव्ही, मी काही बोलणार नाही. आई म्हणाली, "नको रे. इथे कोणाशी बोलू?"

पुढे महिनाभराने वीज कार्यालयाने सरांच्याच शाळेत बचतीवर कार्यक्रम ठेवला आणि पाहुण्या म्हणून बोलावलं सरांच्या आईला. परिचय करून द्यायचं काम भूगोलाचे शिक्षक या नात्याने सरांकडे आलं. त्यांनी तो थोडक्यात करून दिला, म्हणजे मुख्याध्यापकांनी तिसऱ्यांदा घड्याळ दाखवलं तेव्हा ते खाली बसले. आई ध्वनिक्षेपकाजवळ गेली, त्याच्यापासून जरा लांब झाली आणि बोलली.

"मी काही वाचवायला गेले नव्हते. याने टीव्ही बंद केला, मला राग आला आणि मी शेजारी जाऊन बसले. मग आणखी तिघी आल्या. एकीकडे दिवा लावला की बाकीच्या घरी लावावा लागत नाही, एवढंच मला कळलं. कोळशाचं माझ्या मुलाला विचारा. त्याला सगळं ठाऊक आहे, आणि कोणी थांबवल्याशिवाय तो थांबत नाही."

सभागृह हसलं. सरही हसले, आधी इतरांना दिसावं म्हणून आणि मग खरोखरच.

त्या संध्याकाळी घरचे नेहमीप्रमाणे पांगले. सर एका दिव्याखाली वह्या घेऊन बसले. दोन-चार वह्या झाल्या. समोरच्या दारातून एकदम मोठा हशा ऐकू आला, मग कोणीतरी कोणाला तरी गप्प केलं. सरांनी पेनाला टोपण लावलं. आपण एकट्यासाठी एक दिवा जाळतोय, असं त्यांच्या मनात आलं. निदान स्वतःला त्यांनी कारण तरी तेच सांगितलं. त्यांनी दिवा मालवला, आपली खुर्ची उचलली आणि समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

पडद्यावरची नजर न हलवता आई बाजूला सरकली.

"बस," ती म्हणाली. "पण मध्ये बोलायचं नाही."

सर बसले. जाहिराती लागेपर्यंत ते खरोखर एक अक्षरही बोलले नाहीत.